झोपेचा रकाना

गावडे सिस्टर कुणाच्याही घरात शिरल्या की आधी माणसाकडं बघत नाहीत, अंथरुणाकडं बघतात. माणूस तापानं फणफणत असू दे नाहीतर त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये असू दे, सिस्टर सरळ पलंगाशी जाणार. गादी तळव्यानं दाबणार, उशी उचलून नाकाशी नेणार, चादरीचं टोक उलटून खाली काय काय साठलंय ते बघणार. मग घरच्या बाईकडं वळून विचारणार, "ह्या उशीला ऊन कवा दावलं होतं?" बाई गडबडली की समजायचं, आता पंधरा मिनिटं आजार बाजूला आणि उशीवर भाषण.

हे दाबून, हुंगून बघणं मी चांगलं ओळखतो. मी म्हशींचा व्यापारी आहे. म्हैस बघताना मीही असंच करतो. फरक एवढाच की म्हशीला हात लावायच्या आधी मी मालकाला राम राम करतो.

माझं आणि सिस्टरांचं जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी त्यांची बाजू घेतली असं कुणी म्हणायला नको. तीस वर्षं मी बाजारात उभा आहे. रिकाम्या खिशानं सुरुवात केली आणि जे केलं ते तोंडाच्या जोरावर केलं. म्हैस विकताना घेणाऱ्याला आणि घेताना विकणाऱ्याला मी रडवलेलं आहे. या बाईपुढं मात्र मी एकदाही जिंकलेलो नाही.

आमचं गाव गडमुडशिंगी. कोल्हापूर इतकं जवळ की निम्मं गाव सकाळी डबा घेऊन तिकडं जातं आणि निम्मं उसात शिरतं. गावातल्या सरकारी उपकेंद्रात गावडे सिस्टर नर्स आहेत. मूळच्या चंदगडकडच्या. वय पन्नाशीला आलेलं, अंगानं काटकुळ्या, पायात कायम बूट. स्कूटीवरून घरोघर फिरायचं, पोरांना लशी द्यायच्या, बाळंतिणींची वजनं घ्यायची, म्हाताऱ्यांचं बीपी मोजून गोळ्या द्यायच्या, हे त्यांचं सरकारी काम. सरकारी रजिस्टरात प्रत्येक गोष्टीला रकाना आहे. झोपेला नाही. म्हणून सिस्टरांनी पट्टी आणि पेन्सिल घेऊन समासात स्वतःच एक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'झोप'.

एकदा वरचे साहेब तपासणीला आले. त्यांनी विचारलं, "हा रकाना कुणी काढला?"

"मी."

"वरून तसा आदेश नाही."

"वर समद्यांना झोप लागती साहेब. म्हणून तिथं कुणाला सुचलं नसंल."

साहेबांनी सही केली. सही करताना त्यांनी जांभई दिली आणि सिस्टरांनी तीही टिपून घेतली, असं गावात सांगतात. खरंखोटं मला माहीत नाही, पण बाई तशी आहे.

"डोळं मिटणं येगळं, झोपणं येगळं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य, "झोप हाका मारून येत न्हाय. तिला जागा करून द्यावी लागती." ही जागा करून देण्यासाठी त्यांनी अर्ध्या गावाचं सामान हलवलं. कुणाचा टीव्ही माजघरातून बाहेरच्या सोप्यात आणला, कुणाच्या उशाशी बांधलेला कोंबडा परसात नेला. मोबाईलसाठी त्यांनी काढलेला नियम तर जगावेगळा. रात्री नऊ वाजले की घरातले सगळे मोबाईल पिठाच्या डब्यात. का, तर बाईच्या देखत तो डबा उघडायची पुरुषाची हिंमत होत नाही. परिणाम असा झाला की सकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्या माणसाच्या कानाला जोंधळ्याचं पीठ दिसलं की ओळखायचं, हा सिस्टरांचा पेशंट.

आमच्या गल्लीतले एक रिटायर्ड मास्तर रात्रीतून सहा वेळा उठायचे. शहरातल्या डॉक्टरांकडं जाऊन आले, झाडपाला करून झाला, देवऋषी करून झाला. सिस्टरांनी त्यांच्या गोळ्यांची डबी उघडली आणि विचारलं, "मास्तर, ही लघवीची गोळी कवा घेता?"

"रात्री. दुधाबरोबर."

"मग रातभर काय हुईल? मोटर चालू करून झोपायचं आणि पाणी का येतंय म्हणून इचारायचं!"

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, गोळी सकाळवर नेली, आणि मास्तर तेव्हापासून सलग झोपतात. आता मास्तरांची तक्रार वेगळी आहे. रात्री उठल्यामुळं गल्लीत कोण कधी येतं-जातं ते त्यांना कळायचं. आता ते बंद झालं, आणि सकाळी कट्ट्यावर त्यांना कुणी विचारत नाही.

माझ्याकडं त्या आल्या तेव्हा बीपी मोजायला आल्या होत्या. पट्टा दंडाला बांधता बांधता म्हणाल्या, "घोरता काय?"

"न्हाय."

त्यांनी माझ्या बायकोकडं, सुनंदाकडं बघितलं. सुनंदानं पदर तोंडाला लावला. तेवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर ठीक. त्या शेजाऱ्याच्या दारात गेल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय वो, अण्णांचं घोरणं हितंपतोर ऐकू येतंय काय?"

शेजारी म्हणाला, "सिस्टर, गाडी गियरमधी अडकल्यागत आवाज येतोय. मधीच बंद पडती. मग आमीच जागं हुतो, परत सुरू हुतीया का न्हाय बघायला!"

त्यांनी मला कोल्हापूरला तपासणीला पाठवलं. तिथं काय निघालं ते मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगतो की आता मी कुशीवर झोपतो आणि शेजाऱ्याशी बोलत नाही.

चहाचं मात्र लिहायलाच पाहिजे, कारण ते भर बाजारात झालं. आमच्या धंद्यात म्हशीचा भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांचे हात टॉवेलखाली जातात आणि बोटं दाबून सौदा होतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. टॉवेलखाली जे ठरलं ते मोडायचं नाही. मोडणाऱ्याला पुन्हा बाजारात कुणी उभं करत नाही. तर एका बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी चहाचा ग्लास घेऊन उभा होतो आणि समोर स्कूटी थांबली.

"अण्णा, चारनंतर चहा न्हाय म्हटलं होतं की. दिवसाला किती हुत्यात?"

"कोण मोजतंय? बारा असतील."

"तीन."

"धंदा हाय बाई माझा! गिऱ्हाईक आलं की चहा लागतोय. दहा करा."

सिस्टरांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, दोघांच्या हातावर टाकला आणि माझी तीन बोटं अशी दाबली की डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांत माझ्या टॉवेलखाली बाईचा हात आला नव्हता. मी लाजेनं गप्प झालो. गप्प राहणं म्हणजे आमच्यात होकार. सगळा बाजार गोळा झाला होता.

"झाला काय अण्णा सौदा?" कुणीतरी ओरडलं.

"झाला!" सिस्टरच म्हणाल्या आणि स्कूटी चालू करून गेल्या. तेव्हापासून मी पावणेचारला तिसरा चहा पितो आणि नंतर दुसऱ्यांच्या ग्लासाकडं बघत म्हशींचे दात मोजतो.

इथपर्यंत मी हसण्यावारी नेलं. पण पुढं प्रकरण माझ्या आईपाशी आलं.

आमच्या घरची गोष्ट थोडी सांगावी लागेल. धाकटा भाऊ शिवा आणि मी, दोघंच. वाटणी झाली तेव्हा जुनं घर, त्याला लागून असलेला गोठा आणि विहिरीकडची काळी जमीन शिवाला गेली. मला एक आजारी रेडकू आणि रस्त्याकडेचा खडकाळ तुकडा आला. पंच म्हणाले, तू थोरला, तू हुशार, तू कमावशील. हुशार माणसाला लुबाडायची ही जुनी रीत आहे. मी कमावलं. त्या खडकावरच बंगला बांधला, आईला तिथं घेऊन आलो आणि दारावर ग्रॅनाईटमध्ये नाव कोरलं, 'मातृछाया'. शिवा जाता-येता ते वाचायचा. तो वाचावा म्हणूनच अक्षरं एवढी मोठी काढली होती.

त्याच बंगल्याच्या गुळगुळीत फरशीवर आई घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, नीट खाल्लं, नीट झोपल्या, तर वॉकर धरून चालतील. नाहीतर अंथरुणाला खिळतील. महिना झाला तरी आई उठेना. दिवसभर पेंगायची, रात्री जागी असायची, जेवण पुढ्यातून ढकलायची. आणि शिवा गावात सांगत सुटला, "आईला माझ्याकडं द्या म्हणावं. त्या दगडात तिला झोप येत न्हाय."

आई शिवाकडं गेली तर माझ्या दारावरच्या ग्रॅनाईटचं काय करायचं? ते मी होऊ देणार नव्हतो. मी गावडे सिस्टरांना बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "झोपेची गोळी द्या. चांगली जोरातली."

सिस्टर पलंगावर बसून गादी दाबत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "अण्णा, लाथाड म्हशीला बाजारात आणायच्या आदी काय चारत्यात वो?"

धंद्यातलं ते गुपित आहे. काही लोक तिला भांग चारतात. म्हैस दिवसभर देवासारखी उभी राहते, आणि घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी धारेला बसल्यावर कळतं.

"तुमी तसली म्हैस घेताय काय?"

"मी काय खुळा हाय व्हय?"

"मग आईला तसलं कशापाई चारताय? गुंगीत उठल्या, परत पडल्या, की दुसरा पाय. गोळी द्यायची का न्हाय ते डॉक्टर बघतील. आदी झोप का येत न्हाय ते बघू."

मग सुरू झालं. सकाळी आईला खुर्चीवर बसवून व्हरांड्यात ऊन. दुपारी झोप अर्धाच तास. दिवेलागणीला जेवण, पायाला तेल, कमोडची खुर्ची पलंगाला चिकटून. खोली बघून सिस्टर खूष झाल्या. जाड भिंती, सरकत्या काचा, रस्त्याचा आवाज नाही. रजिस्टरात त्यांनी लिहिलं, 'जागा उत्तम, शांतता.' ते मी दोनदा वाचून घेतलं. सिस्टरांनी सुनंदाला एक वही दिली. रोज रात्री आई कधी झोपली, किती वेळा उठली, ते सकाळी लिहायचं.

पंधरा दिवसांत वहीची पहिली पानं भरली. सुनंदा सासूला आत्या म्हणते. रोज एकच नोंद, 'आत्या झोपल्या. उठल्या नाहीत.' मी त्या पानांचा फोटो काढून डेअरीवर सगळ्यांना दाखवला. शिवा कोपऱ्यात उभा होता, त्यालाही दिसेल असा मोबाईल धरला. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. वहीतली आई आठ तास झोपत होती आणि पलंगावरची आई वाळत चालली होती.

एका सकाळी सिस्टर न सांगता आल्या. सात वाजले होते. आई डोळे मिटून पडली होती. मी दारातून डोकावलो आणि हळूच म्हणालो, "बघा, कशी गाढ झोपलीया."

सिस्टरांनी मला हातानं बाहेर जायला सांगितलं. थोड्या वेळानं बोलावलं. परत बाहेर घालवलं. असं तीन वेळा केलं. मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून आईच्या पोटाकडं बघत होत्या आणि हातातल्या घड्याळाकडं. मग बाहेर आल्या, रजिस्टर काढलं आणि 'जागा उत्तम, शांतता' यावर आडवी रेघ मारली.

"अण्णा, आजी झोपलेल्या न्हाईत. चुकलं माझं. पयल्या दिशीच बघाय पायजे होतं."

"डोळं मिटल्यात की!"

"झोपल्या माणसाचा श्वास सावकाश चालतोय, एका लयीत. आजींचा श्वास तुमी दारात आला की थांबतोय. तुमी गेला की सुटतोय. तुमच्यासाठनं सोंग घेत्यात त्या."

मी आत गेलो. आवाज चढवूनच गेलो. "आई! झोप येत न्हाय तर सांगायचं न्हाय व्हय?"

आईनं डोळे उघडले. "कसं सांगू रं? तू येवढं बांधलास माझ्यासाठनं. येवढी मऊ गादी आणलीस. लोक बघाय येत्यात. त्यात झोप लागत न्हाय म्हणून सांगायला लाज वाटती."

सिस्टर तिच्या उशाशी बसल्या. "आजी, जुन्या घरात कुठं झोपायचा?"

"गोठ्याच्या भिंतीला. भिंतीला मोठा झरोका हाय. लक्षुमी बसून रवंथ करायची. मधीच साखळी वाजायची. जाग आली तरी वाटायचं, हाय कोणतरी. हितं जाग आली की…" आईनं बंद काचेकडं बोट केलं. "हितं कायबी ऐकू येत न्हाय गं बाई. मेल्यागत वाटतंय."

मी म्हशींचा व्यापारी. माझा गोठा हायवेला, पन्नास म्हशींचा. वासानं पाहुणे नाक मुरडतात म्हणून बंगल्यापाशी एक शेपूट येऊ दिलं नव्हतं. आता त्याच संध्याकाळी मी गोठ्यातली सगळ्यात देखणी म्हैस आणली आणि आईच्या खिडकीखाली, टाइल्सच्या पोर्चमध्ये, बांधली. ती म्हैस रात्रभर आपल्या जोडीदारिणींसाठी हंबरली. जास्वंदीची दोन झाडं खाल्ली. सकाळी आई म्हणाली, "चांगली हाय. पण ही आपली न्हवं."

मग मी शिवाकडं निरोप धाडला, लक्ष्मी विकत दे. सांगशील तो भाव. हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरले. त्याचा उलटा निरोप आला, "लक्षुमी इकायची न्हाय. आईला आणा."

त्या दुपारी सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, आजींना तिकडं न्या."

माझं डोकं भडकलं. जे तोंडाला आलं ते बोललो. पंचांपासून सुरुवात केली, रेडकू झालं, खडक झाला, आणि शेवटी म्हणालो, "शिवानं तुमाला काय चारलंय ते सांगा. त्याच्या बाजूनं सौदा करताय तुमी!"

मला वाटलं, बाई आता बूट आपटत जाणार. त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली.

"माझी आई चंदगडच्या वरल्या अंगाला वाडीत ऱ्हाती. एकटी. मी हितं क्वार्टरला आणली होती. उशीला ऊन दावलं, दिवा मंद केला, समदं केलं. मी नर्स की. बारा दिवस रोज पहाटं उठून तिचा श्वास मोजत होते. न्हाय झोपली. म्हणायची, लागली बाय, चांगली लागली."

"मग?"

"मग काय? बाराव्या दिवशी एसटीत बसवून दिली. जाऊ दे म्हटलं. जाताना बिचारी माझीच समजूत घालत होती." त्यांनी पिशवीचा बंद आवळला. "आता रोज सकाळी फोन करते. झोप लागली काय? लागली म्हणती. फोनवरनं श्वास मोजता येत न्हाय, अण्णा."

त्यांनी पिशवी उचलली आणि पुढच्या घरी बाळाला लस द्यायला गेल्या. भांडणात समोरचा माणूस असा उठून गेला की आमच्यासारख्याचं फार नुकसान होतं. उरलेल्या शिव्या कुणाला द्यायच्या, कळत नाही.

मी संध्याकाळी जीप काढली. आईला मागच्या सीटवर आडवं झोपवलं. शिवाच्या दारात सिस्टर आधीच उभ्या होत्या. सुनंदानं फोन केला असणार. शिवा बाहेर आला. कित्येक वर्षांनी आम्ही हातभर अंतरावर समोरासमोर होतो. त्यानं तोंड उघडलं तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "बोलायचं नंतर. पुढनं तुमी धरा, मागनं अण्णा. पाय हलू द्यायचा न्हाय." आम्ही आईला चादरीच्या झोळीत धरून आत नेलं. उंबऱ्यापाशी तो म्हणाला, "जरा डावीकडं." मी डावीकडं झालो. वाटणीनंतर आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं.

झरोक्याच्या पलीकडं लक्ष्मी बसली होती. आईनं भिंतीवर तळवा ठेवला. लक्ष्मी फुसकारली, जबडा हलवत राहिली. सिस्टर घड्याळ घेऊन पायथ्याशी उभ्या राहिल्या. मला दारातून घालवलं, परत बोलावलं. शिवालाही तसंच केलं. शेवटी त्यांनी रजिस्टर उघडून पेन्सिलीच्या त्या रकान्यात लिहिलं आणि आम्हाला दाखवलं. 'सायं. सात पंचवीस. झोप.' आम्ही दोघं भाऊ तिथं उभे होतो. पंचांबद्दल मला पुष्कळ बोलायचं होतं, त्यालाही असणार, पण आई झोपली होती.

पावसाळा सरता सरता आई वॉकर धरून लक्ष्मीच्या गव्हाणीपर्यंत जाऊ लागली. मी रोज सकाळी तिकडं जातो. शिवाशी बोलणं कामापुरतं आहे. वाटणीचं मी विसरलेलो नाही. 'मातृछाया' ही पाटी अजून दारावर आहे. काढायची तर भिंत फुटते, असं गवंडी म्हणतो.

अशाच एका शनिवारी उपकेंद्राबाहेर सिस्टर भेटल्या. मी म्हटलं, "उद्या चंदगडला निघालोय. म्हैस बघायची हाय. जीप मोकळीच जातीया."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं त्या उशीकडं बघतात. "चंदगडला? तिकडं भात आणि काजू. म्हशी घ्यायला तिकडं कोण जातंय वो अण्णा?"

"असंल एकादी. तुमाला काय करायचंय? येणार असला तर सातला निघायचं."

त्या आल्या. गडहिंग्लजपर्यंत त्यांनी माझ्या गाडी चालवण्यात चुका काढल्या, पुढं घाटात पावसामुळं काच दिसेना तेव्हा गप्प झाल्या. अकराच्या सुमाराला वाडीत पोचलो. कौलारू दोन खणांचं घर, मागं काजूची झाडं, पागोळ्यांचं पाणी अंगणात पडत होतं. एक ठेंगणी, वाकलेली म्हातारी दारात आली. लेकीला बघून तिनं आधी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. सिस्टर सरळ आत गेल्या. आता अंथरूण दाबणार, उशी हुंगणार, म्हणून मी कान देऊन बसलो. आतून काहीच ऐकू आलं नाही.

म्हातारीनं मला ओसरीवर चहा दिला. मी जरा जोरात विचारलं, "सिस्टर काय करत्यात? दुपारचं परत निघायचं म्हणत होत्या."

म्हातारीनं दाराकडं बघितलं आणि बोट ओठावर ठेवलं. उघड्या दारातून मला दिसलं. म्हातारीच्या घोंगड्यावर, बूटसुद्धा न काढता, गावडे सिस्टर भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या होत्या. पाठ सावकाश वर-खाली होत होती, एका लयीत.

"हळू बोला पावणं," म्हातारी कुजबुजली. "आता लागलीया."

आणि ती उंबऱ्यावर बसली, पाठ दाराला लावून, कुणाला आत जायचं तर आधी तिला ओलांडून जावं लागेल अशी.